झाला, निघाला, होऊन बसला

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला मोठ्या शब्दांची फारशी भीती वाटत नाही. लॅटिनमधून आलेले लांबलचक शब्द तो पाठ करतो आणि वेळ आली की बिनचूक वापरतो. त्याची भंबेरी उडते ती अगदी चिमुकल्या शब्दांपाशी. ‘टर्न’ म्हणजे वळणे आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण हे दोन शब्द शेजारी बसले आणि त्यांच्यापुढे एखादे नाम आले, की वळणेही नाहीसे होते आणि बाहेरही नाहीसे होते. ‘ही टर्न्ड आउट टु बी अ थीफ’ या वाक्यात कोणी वळलेला नाही, की कोणी बाहेर पडलेला नाही. तो नुसता चोर निघाला आहे.

आणि खरी मौज इथेच आहे. ‘चोर निघाला’ असे आपण सहज म्हणून गेलो. पण घरातून निघणे आणि चोर निघणे यांचा तरी परस्परांशी काय संबंध? आंबा आंबट निघतो, नाणे खोटे निघते, जावई गुणी निघतो. यांपैकी कोणीही कुठून निघून कुठे गेलेला नसतो. आत जे दडलेले होते ते बाहेर आले, एवढाच अर्थ. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल आपण इंग्रजीला विक्षिप्त म्हणतो तीच गोष्ट मराठीने, इंग्रजीचे तोंडही पाहिले नव्हते तेव्हापासून, आपल्या घरी केलेली आहे.

माणूस कोण झाला, कशाचे काय झाले, हे सांगायला भाषा कोणती क्रियापदे हाताशी धरते, ती क्रियापदे कुठून आली, आणि त्यांतले एक उचलून दुसरे टाकताना बोलणारा कोणता निवाडा देऊन जातो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय व्याकरणाचा दिसतो. पण तो व्याकरणापाशी थांबत नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम थोडे मागे जाऊ. पाचव्या शतकापासून जर्मनीच्या आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाल्या. त्यांची जी जुनी इंग्रजी, तिच्यात क्रियापदाचा अर्थ पालटण्याचे काम मुख्यत्वे उपसर्ग करीत. आजच्या इंग्रजीत ‘फर्गिव्ह’, ‘फर्गेट’, ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’ हे शब्द त्या जुन्या घराच्या उरलेल्या भिंतींसारखे उभे आहेत. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. त्याला ‘फर’ लागला की क्षमा करणे. संस्कृत जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे एकमेकांचे तोंड न पाहणारे शब्द उपसर्गांच्या बळावर आपल्याकडे झालेलेच आहेत.

इतकेच नव्हे, संस्कृतातले हे उपसर्ग प्रारंभी धातूला असे कायमचे चिकटलेले नव्हते. वैदिक भाषेत ते धातूपासून दूर, मध्ये इतर शब्द घेऊन, कधी धातूच्या मागाहूनही येत. पाणिनीने या गोष्टीची नोंद करून ठेवली आहे. पुढे लौकिक संस्कृतात ते धातूपुढे पक्के बसले. संस्कृत मोकळेपणाकडून बंधनाकडे गेली. इंग्रजीने नेमका उलटा रस्ता धरला. तिचे उपसर्ग झिजत गेले, बोथट झाले, आणि त्यांचे काम क्रियापदाच्या मागे मोकळी उभी राहणारी ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ ही अव्यये करू लागली.

असे का झाले? एक कारण भाषेच्या आतलेच होते: बोलताना जोर धातूवर पडे आणि पुढचा उपसर्ग तोंडातल्या तोंडात विरून जाई. दुसरे कारण बाहेरून आले. नवव्या शतकात डेन लोकांनी इंग्लंडचा उत्तर व पूर्व भाग व्यापला. राजा आल्फ्रेडने त्यांना थोपवले, पण हुसकावले नाही; तो मुलूख ‘डेनलॉ’ म्हणून त्यांच्याच कायद्याखाली राहिला. दोन्ही जमाती शेजारी नांदू लागल्या, सोयरिकी झाल्या, बाजार एक झाले. डेन लोकांच्या भाषेत असे अव्यय क्रियापदामागे येण्याची रीत होती. इंग्रजीत ही प्रवृत्ती आधीपासून होतीच. तिला या शेजाराने बळ दिले. आज अशा जोडशब्दांत ज्याचे नाव पहिल्या पंक्तीत घ्यावे लागते ते ‘टेक’ हे क्रियापदसुद्धा मूळचे इंग्रजी नव्हे. ते याच शेजाऱ्यांकडून आलेले आहे. त्याने इंग्रजीचे स्वतःचे ‘निमन’ हे क्रियापद हळूहळू घराबाहेर काढले.

पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व धर्मपीठ येथे फ्रेंच आणि लॅटिन बोलू लागली. पण पीटरबरो येथील मठात भिक्षू आपली बखर इंग्रजीतच लिहीत राहिले. ११५४ पर्यंत ती चालली. स्टीफन राजाच्या अंदाधुंदीची हकीकत देताना, कैदेत टाकलेल्या धर्माधिकाऱ्यांनी शेवटी आपले किल्ले सोडून दिले, हे सांगण्यासाठी त्या बखरकाराने ‘गिव्ह अप’ याचेच तत्कालीन रूप वापरले आहे. फ्रेंचमधून आलेला भारदस्त ‘सरेंडर’ अजून इंग्रजीत रुळायचा होता. तेव्हापासून इंग्रजीच्या घरात दोन चुली झाल्या म्हणाना: एकीवर दरबारी क्रियापदे शिजतात, दुसरीवर अंगणातली.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे वळू. जुन्या इंग्रजीत ‘होणे’ या अर्थाचे एक सणसणीत क्रियापद होते: ‘वेओर्थन’. जर्मन भाषेतले ‘वेर्डन’ हे त्याचे भावंड आजही धडधाकट आहे. या कुळाचा मूळ अर्थ ‘वळणे, फिरणे’ असा होता, आणि आपल्या ‘वर्तुळ’, ‘वर्तन’, ‘वर्तमान’ या शब्दांतला ‘वृत्’ धातू हा त्याच कुळातला. वस्तू वळते आणि वेगळी होते, ही कल्पना इतकी जुनी आहे. पण इंग्रजीत हे क्रियापद मध्ययुगात लोपले. त्याच्या जागी जे ‘बिकम’ आले ते मूळचे ‘येऊन पोचणे’ या अर्थाचे. ‘कम’ला ‘बि’ हा उपसर्ग लागून झालेले. म्हणजे वळण्याची कल्पना गेली आणि प्रवासाची आली. माणूस चालत चालत जिथे येऊन पोचला, तेच तो झाला!

तरीही वळण्याची कल्पना इंग्रजीला सोडवेना. लॅटिनमधून, आणि पुढे फ्रेंचमधून, तिने ‘टर्न’ हा शब्द घेतला होता. त्याचे मूळ कातारी ज्या यंत्रावर लाकूड फिरवून गोल करतो त्या यंत्राच्या नावात आहे. या उसन्या शब्दाला अव्यये जोडून तिने गमावलेली कल्पना पुन्हा कमावली: ‘टर्न इन्टू’ म्हणजे एकाचे दुसरे होणे आणि ‘टर्न आउट’ म्हणजे शेवटी अमुक निघणे. दारातून गेलेला पाहुणा मागच्या खिडकीने परत आला.

हळूहळू असल्या शब्दांचे एक कुटुंबच जमले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या अंगाला बाजाराचा नाहीतर घरकामाचा वास आहे. ‘सेट अप’ म्हणजे उभे करणे. त्यावरून दुकान थाटणे. त्यावरून ‘सेट अप ॲज अ बुकसेलर’, म्हणजे पुस्तकविक्रेता म्हणून धंदा मांडणे. धंदा मांडणाऱ्यांत काही पोकळ डौलाचेही असणारच. म्हणून सतराव्या-अठराव्या शतकांतल्या लंडनमध्ये ‘सेट अप फॉर अ विट’ असा प्रयोग रूढ झाला: अंगी विनोद असो वा नसो, विनोदी पुरुष म्हणून मिरवणे. आपणही ‘पुढारीपण थाटले’ असे म्हणतोच.

‘वाइंड अप’ची गोष्टही तशीच. सूत गुंडाळून संपवणे, त्यावरून कारभार आवरणे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कंपन्या भराभर निघू लागल्या आणि भराभर बुडू लागल्या, तेव्हा १८४८ च्या कायद्याच्या नावातच हा शब्द जाऊन बसला. मराठीनेही कंपनी ‘गुंडाळली’ आणि गाशाही गुंडाळला. इंग्रजीने मात्र पुढचे पाऊल टाकले आणि या शब्दाला माणूस जोडला: ‘ही वाउंड अप अ पॉपर’, म्हणजे शेवटी तो कंगाल झाला. ‘राइट ऑफ’ हा तर चोपडीतलाच शब्द. न येणारी उधारी बुडीत खाती टाकावी, तसे जिवंत माणसाला ‘राइट ऑफ ॲज अ फेल्युअर’ करून मोकळे व्हायचे.

विद्वानांना या गावठी मंडळींविषयी प्रेम नव्हते. ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनात वाक्याच्या शेवटी लटकणारी अव्यये शोधून दोष दिला आणि स्वतःच्या लेखनातूनही ती काढू लागला. पुढे शाळांतून ही शिस्त कडक झाली, आणि ‘अप’, ‘ऑफ’ यांच्याकडे सभ्य गद्यात शिरलेल्या आगंतुकांसारखे पाहण्यात येऊ लागले. पण कोशकाराला नाक मुरडून चालत नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने या जोडक्रियापदांचा खास उल्लेख केला. क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे, आणि परक्यांना सर्वांत अधिक अडचण तीच करते, असा त्याचा अभिप्राय. म्हणून त्याने ती काळजीपूर्वक नोंदली. शब्दांचे अर्थ वेगवेगळे ठाऊक असूनही जोडीचा अर्थ लागत नाही, हे त्याने पुरते ओळखले होते.

जेन ऑस्टिनच्या काळापर्यंत ‘टर्न आउट’ घरंदाज संभाषणात मुरले होते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत पेम्बर्लीच्या वाड्यातली वृद्ध कारभारीण विकमबद्दल बोलताना, तो वाया गेला हे याच शब्दाने सांगते. तिथे ‘टु बी’देखील नाही, क्रियापदामागे थेट विशेषणच येते. आपल्या व्याकरणकारांच्या भाषेत सांगायचे तर ‘टर्न आउट’ हे विधानपूरक मागणारे अपूर्णविधान क्रियापद होऊन गेले होते.

या शब्दांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र फार उशिरा मिळाले. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ साली आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे सांगितले. आठशे वर्षे राबणाऱ्या गड्याचे नाव एकदाचे हजेरीपटावर चढले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३० साली, सी. के. ऑग्डेन याने साऱ्या जगासाठी ‘बेसिक इंग्लिश’ नावाची साडेआठशे शब्दांची सोपी इंग्रजी तयार केली. तीत क्रियापदे अवघी अठरा होती. बाकीच्या हजारो क्रियापदांचे काम या अठरांना अव्यये जोडून भागवावे, अशी योजना. १९४३ साली हार्वर्ड येथील भाषणात चर्चिलने तिची वाखाणणी केली. पण ज्या जोडशब्दांना जॉन्सनने परक्यांची सर्वांत मोठी अडचण म्हटले होते, तेच परक्यांसाठी केलेल्या सोप्या भाषेचे खांब झाले! शब्दांची संख्या कमी झाली की भाषा सोपी होते, हा समज किती फसवा आहे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता या कुटुंबातल्या व्यक्तींचे स्वभाव पाहू. कारण त्या एकीऐवजी दुसरी चालत नाही. ‘बिकेम अ क्लार्क’ म्हणजे तो कारकून झाला. बोलणारा तटस्थ आहे. ‘टर्न्ड आउट टु बी अ क्लार्क’ म्हणजे तो कारकून निघाला. तो आधीपासून कारकूनच होता, आपल्याला आज कळले. ‘टर्न्ड इन्टू अ क्लार्क’ म्हणजे तो निराळा कोणी होता, त्याचा कारकून झाला. ‘एंडेड अप अ क्लार्क’ यात मात्र एक सुस्कारा आहे: निघाला होता कुठे आणि पोचला कुठे! एका शब्दात कळणे आहे, दुसऱ्यात पालटणे आहे, तिसऱ्यात नशीब आहे.

‘ग्रू अप टु बी अ थीफ’ हे तर भाषांतरकाराला हमखास पाडणारे वाक्य. इंग्रजीतला ‘टु’ हेतूही सांगतो आणि परिणामही सांगतो. हेतू धरला तर ‘चोर होण्यासाठी तो मोठा झाला’ असे हास्यास्पद मराठी हाती येते. खरा अर्थ एवढाच, की मोठेपणी तो चोर झाला. हेतू आणि परिणाम यांत गल्लत झाली की भाषांतर हसण्याजोगे होते. इतिहासात तीच गल्लत झाली, तर मात्र ती हसण्यावारी नेता येत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचेच उदाहरण घ्या. १६०० सालच्या अखेरीस तिला व्यापाराची सनद मिळाली. १७५७ ला प्लासी झाली, १७६५ ला बंगालची दिवाणी तिच्या हाती आली, १८०२ ला वसईचा तह झाला, १८१८ ला पेशवाई संपली. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापारच बंद केला आणि ती निव्वळ राज्यकर्ती उरली. १८५८ ला तेही काम राणीच्या सरकारने काढून घेतले आणि १८७४ ला कंपनी रीतसर गुंडाळली. हा सगळा प्रवास इंग्रजीत एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे: ते व्यापारी म्हणून आले आणि ‘एंडेड अप ॲज रूलर्स’. वाक्य सुटसुटीत आहे. पण या वाक्यात कोणी काही केलेले नाही! चालता चालता पाय घसरावा आणि सिंहासनावर बसणे व्हावे, तशी ही कथा. केंब्रिजचा इतिहासाध्यापक सीली याने १८८३ साली, आपण इंग्रजांनी निम्मे जग जणू बेसावधपणीच मिळवले, अशा अर्थाचा उद्गार काढला होता. त्याचा रोख आपल्याच देशबांधवांच्या बेफिकिरीवर होता. पण तो उद्गार लोकप्रिय झाला तो त्यात निर्दोषपणाचा दाखला मिळतो म्हणून.

याउलट तीच हकीकत इंग्रजीत ‘सेट देमसेल्व्ह्ज अप ॲज रूलर्स’ अशीही सांगता येते. अव्यय तेच, ‘अप’. पण इथे कर्ता जागा आहे, त्याला हेतू आहे, आणि म्हणून त्याच्याकडे जाबही मागता येतो. घटना त्याच, सनावळी तीच. बदलले फक्त क्रियापद, आणि त्याबरोबर आरोपीचा साक्षीदार झाला.

मराठीत आपण काय म्हणतो? ‘व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते होऊन बसले.’ यातला ‘बसणे’ हा शब्द लाख मोलाचा आहे. मोरो केशव दामले यांनी आपल्या १९११ सालच्या व्याकरणात संयुक्त क्रियापदांची बारकाईने चर्चा केली आहे. मराठीत अव्ययाचे काम दुसरे क्रियापदच करते. देऊन टाकणे, करून ठेवणे, होऊन जाणे, बोलून बसणे. ‘होऊन बसणे’ यात हक्क नसताना जागा अडवणे आहे, आणि सहजासहजी न उठणेही आहे. ‘एंड अप’ माणसाला सुटका देते. ‘होऊन बसणे’ त्याला जागच्या जागी पकडते.

पण यावरून आपली भाषा अधिक न्यायी, असा डौल मिरवण्याचे कारण नाही. आपण ‘पेशवाई बुडाली’ असे म्हणतो. जणू ती एक होडी होती आणि वादळ आले! ‘राज्य गेले’ असे म्हणतो. कोणी घालवले, कोणी विकले, सरदार आपापसांत का भांडले, वसईच्या तहावर सही कोणी केली, हे प्रश्न त्या ‘बुडाली’च्या पाण्यात बुडून जातात. इंग्रजाने मिळवले तेव्हा ‘होऊन बसला’ म्हणायचे आणि आपण गमावले तेव्हा ‘बुडाली’ म्हणायचे, हा व्याकरणातला पक्षपातच झाला. दुसऱ्याच्या कर्तृत्वाला कर्ता आणि आपल्या चुकीला मात्र दैव!

इतिहास लिहिताना कागदपत्रे तपासावी, तारखा ताडून पाहाव्या, हे आपल्या संशोधकांनी आपल्याला चांगले शिकवले आहे. त्या यादीत आणखी एका तपासणीची भर घालावी असे सुचवावेसे वाटते. एखाद्या पुरुषाबद्दल, पक्षाबद्दल वा राज्याबद्दल वाचताना तो अमुक ‘झाला’, ‘निघाला’, ‘ठरला’ की ‘होऊन बसला’, हे नीट पाहावे. ‘ठरला’ असेल तर ठरवले कोणी, असे विचारावे. ‘निघाला’ असेल तर आधी कोणाला दिसत नव्हते आणि का, असे विचारावे. आणि ‘शेवटी असे असे झाले’ असे वाक्य आले, की शेवटाच्या आधी कोणाचे हात कुठे होते, हे शोधून मगच पान उलटावे.